मुंगी मेली

दाजी उठले नव्हते.

एवढं एकच वाक्य लिहून मोकळं व्हावं असं पुष्कळदा वाटलं. पण ज्यांनी माझा जुना लेख वाचलेला नाही त्यांना त्याचा अर्थ लागणार नाही, आणि ज्यांनी वाचला आहे त्यांचा विश्वास बसणार नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. वैजापूर तालुक्यात त्यांचं गाव. काळी जमीन, कांदा आणि कापूस. मी शहरात नोकरीला, सरकारी सिनेमाच्या गाडीवर ऑपरेटर. निवृत्त झाल्यावर मी एका दिवाळी अंकात जुन्या मुक्या विनोदी सिनेमांवर एक लेख लिहिला. दहा-वीस मिनिटांत संपणारे, पडणाऱ्या-धडपडणाऱ्या माणसांचे ते सिनेमे. लेखाच्या शेवटी दाजींचा किस्सा घातला होता. मुलीच्या लग्नात, भरल्या मांडवात, त्यांनी शिडीवरून पडण्याचा खेळ कसा करून दाखवला आणि वऱ्हाड कसं लोटपोट झालं. शेवटचं वाक्य होतं, "दाजी उठले, टोपी झटकली आणि मांडवाला रामराम केला."

ते वाक्य लोकांना फार आवडलं. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, हास्य क्लबात, छावणीतल्या एका वाचनालयात मला तो लेख वाचायला बोलवायचे. मी वाचायचो. शेवटच्या वाक्याला टाळी ठरलेली. त्या वाक्यातलं प्रत्येक क्रियापद खोटं आहे.

अंक आता बंद पडला आहे, म्हणून दुरुस्ती इथं करतो आहे.

आमची गाडी खेड्यापाड्यांत जायची. कुटुंब नियोजन, कंपोस्ट खत, लसीकरण असे सिनेमे दाखवायचे. पण खताचा सिनेमा बघायला कोण येणार? म्हणून आधी एक हसायची रीळ लावायची. पेटीत तशा तीनच रिळी होत्या. त्या कुठून आल्या हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. सुरुवातीच्या नावांच्या पट्ट्या घासून तुटून गेलेल्या, त्यामुळं सिनेमाचं नाव काय, नट कोण, हे मलाही कळलं नाही. गावांनीच नावं ठेवली होती. एक शिडीची रीळ, एक केकची, एक हवालदारांची. नोकरीभर मी हे तीन सिनेमे इतक्या वेळा दाखवले की पुढं जगातले बाकीचे सिनेमे पाहिले तरी माझी मतं त्या तिघांवरच तयार झाली.

केकच्या रिळीबद्दल माझं मत वाईट आहे. त्यात एक मेजवानी होती आणि मलईचे केक एकमेकांच्या तोंडावर फेकायचे. शहरातल्या रसिकांना हा विनोदाचा कळस वाटतो. मी ती रीळ एका गावात लावली तेव्हा दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. दुष्काळी कामावर खडी फोडून आणि सरकारी सुकडी खाऊन माणसं जगली होती. पहिला केक उडाला तेव्हा पुढच्या रांगेतून आवाज आला, "काय हाय ते?"

"पीठ हाय जनू."

"आन् फेकतेत?"

कुणी हसलं नाही. एक म्हातारी पदर तोंडाला लावून उठली आणि "अन्नाची आशी दशा करू नये रं लेकरा" असं मलाच सुनावून घरी गेली. त्यानंतर मी ती रीळ पेटीतून काढली नाही. आजही अन्न फेकण्याला विनोद म्हणायला मी तयार नाही.

हवालदारांची रीळ मात्र कुठंही चालायची. दहा-बारा हवालदार एका चोरामागं पळतात आणि एकमेकांवर आदळतात. लोक आधी मागं वळून पोलीस पाटलाकडं बघायचे. पाटील हसला की गाव हसायचं.

पण खरी रीळ शिडीची. एक लांबट्या आणि एक जाड्या भिंत रंगवतात. लांबट्या शिडीवर, जाड्या खाली. जाड्या दुसरीकडंच बघत वळतो, त्याच्या खांद्यावरची फळी शिडीला लागते आणि लांबट्या सरळ, गुडघे न वाकवता, झाड पडावं तसा पाठीवर पडतो. कॅमेरा हलत नाही. शिडी, माणूस, जमीन, सगळं एका चौकटीत. माझं मत असं की पडणं असंच दाखवावं, डोक्यापासून पायापर्यंत. मधेच तोडून नुसते पाय दाखवले, मग नुसतं तोंड, मग नुसती धूळ, की तो माणूस पडलाच नाही असं समजावं. आणि सिनेमा दोन रिळींच्या पुढं जाऊ नये. लांबला की हसवणारा माणूस प्रेमात पडतो आणि रडायला लागतो. मुक्या सिनेमाला साथीचा पियानोही लागत नाही. आमच्या जनरेटरची धडधड पुरेशी होती.

आमचं मशीन बोलपटाचं होतं, एकाच वेगानं चालणारं. मुके सिनेमे त्याहून सावकाश चालवायचे असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यामुळं आमच्याकडं सगळी माणसं घाईत असायची. लांबट्या पापणी लवायच्या आत खाली. मला वाटायचं, गंमत त्या घाईतच आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पडदा मोकळ्या जागेत बांधायचा. पुढं बाप्ये बसायचे आणि पडद्याच्या पाठीमागं बाया. पाठीमागून चित्र उलटं दिसतं. त्यामुळं आक्काच्या घरी वाद कायमचा. दाजी म्हणायचे लांबट्या उजव्या हाताला पडतो. आक्का आणि तिची लेक, माझी भाची, म्हणायच्या डावीकडं. दोघी आपलं म्हणणं सोडायच्या नाहीत.

दाजींना ती शिडीची रीळ लागली. लागली म्हणजे नाद लागला. गाडी तालुक्यात कुठंही असली तरी सायकलवर यायचे. मग खळ्यावर कडब्याच्या पेंढ्या पसरून त्यांनी पडायला सुरुवात केली. आधी बसून, मग उभ्यानं, मग बैलगाडीच्या साटीवरून. गुडघे न वाकवता, थेट पाठीवर. त्यांना छान जमायला लागलं आणि त्याचा त्यांना गर्वही होता. पडायच्या आधी मिशीवर हात फिरवायचे आणि डोक्यावरची पांढरी टोपी काढून शेजारच्याच्या हातात द्यायचे. टोपी जमिनीला लागता कामा नये. "मी पडन, टोपी नाय पडायची," म्हणायचे.

बाजार समितीत कांदा घेऊन गेले तरी लोक धरायचे. "आबा, पडा की." मग टोपी कुणाच्या तरी हातात आणि दाजी पोत्यांच्या थप्पीवरून खाली. मी असलो की माझं वाक्य ठरलेलं. आपल्याकडं लहान लेकरू पडलं की त्यानं भोकाड पसरू नये म्हणून आपण जमिनीकडं बोट दाखवतो, "मुंगी मेली, बघ मुंगी मेली." दाजी पडले की मी ओरडायचो, "मुंगी मेली!" आणि लोक दुसऱ्यांदा हसायचे. मेव्हण्यानं दाजींची थट्टा करायचीच असते, तो हक्कच आहे. दाजी पडल्या पडल्या म्हणायचे, "मेली न्हाय मेव्हणे, तुमच्याच घरची हाय, लई चिवट."

असा सगळा जम बसलेला असताना भाचीचं लग्न ठरलं. आक्काची ही एकुलती एक. वडिलांना दादा म्हणायची. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती मला ऐकू येईल असं त्यांना म्हणाली, "दादा, माझ्या लग्नात पडायचं नाय. तिकडची माणसं नवी हायत. पडणाऱ्याची पोरगी म्हणतील मला."

दाजींनी टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. "ह्या टोपीची आन. नाय पडणार."

गोरज मुहूर्त होता. वऱ्हाड कन्नडकडचं. मी मामा, फेटा बांधलेला. मामाचं काम असं की आत गौरीहरापाशी बसलेल्या नवरीला वेळ झाली की बोहल्यावर घेऊन यायचं. तोवर मी वऱ्हाडी पुरुषांत बसलो होतो आणि दुपारपासून त्यांना दाजींची कीर्ती सांगत होतो. "आमचे दाजी शिनुमातल्यावानी पडतेत."

"मग दाखवा की," नवरदेवाचा चुलता म्हणाला.

"आज नाय पडायचे."

"कामून? पोरीचा बाप आज आमच्या पाया पडनारच हाय. जरा आधी पडला तं काय बिगडलं?"

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात बोहल्यावरची बल्बची माळ विझली. मांडववाला जेवायला बसला होता. दाजी त्याला हाका मारून दमले, मग स्वतःच शिडी लावून चढले. जमीन त्याच दिवशी सारवलेली होती, ओली. शिडीचा पाय सरकला. दाजी पाठीवर आले, विटांच्या बोहल्याच्या कडेवर.

टोपी त्यांच्या डोक्यावरच होती. ती हवेत सुटली आणि सारवणात पडली. मी ती पडताना पाहिली. टोपी जमिनीला लागली म्हणजे हे पडणं खरं, हे मांडवातल्या त्या गडबडीत मला आणि आक्काला सोडून कुणाच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतं. मला कळलं. पण वाक्य दुपारपासून तोंडात तयार होतं, वऱ्हाडाच्या नजरा माझ्याकडं वळल्या होत्या, आणि ते बाहेर आलं.

"मुंगी मेली, दाजी!"

मांडव फुटला हसण्यानं. मागून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं. मी उठलो आणि दाजींच्या काखेत हात घातले. ते म्हणाले, "मेव्हणे, थांबा." मी थांबलो नाही. मी त्यांना उभं केलं. त्यांचे पाय जमिनीवर टेकत होते पण अंग धरत नव्हते, ते माझ्या अंगावर लोंबले, आणि ते बघून लोक आणखी हसले, कारण सिनेमात असंच असतं. मग मी टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. मग त्यांचा हात धरून वऱ्हाडाकडं हलवला.

उठले, झटकली, केला. तिन्ही कामं माझी.

दाजींनी समोर पाहिलं. व्याही हसत उभे होते. मग दाजीही हसले, आणि माझ्या कानाशी म्हणाले, "लगीन लागू द्या." मी त्यांना खुर्चीत बसवलं. मांडवाचा खांब दोन्ही हातांनी धरून ते बसले. आक्का अक्षतांचं ताट घेऊन येत होती. ताट तिच्या हातातून सुटलं. ती आली, दाजींच्या टोपीला लागलेलं सारवण तिनं बोटानं पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं.

मी आत गेलो. भाची मुंडावळ्या बांधून गौरीहरापुढं बसलेली. बाहेरचा माझा आवाज आणि हसणं तिनं ऐकलं होतं.

"मामा, दादा पडले का?"

आणि मी म्हणालो, "व्हय. वऱ्हाडानं लई धरलं होतं. केला खेळ."

हे मी का म्हणालो याचा विचार मी पुष्कळ केला आहे. मुहूर्ताच्या वेळी नवरीला घाबरवू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. खेळ होता असं ठरलं की माझं ओरडणंही खेळातलं आणि उचलणंही खेळातलं. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मुंडावळ्या हलत होत्या. बायका म्हणाल्या, माहेर सुटतं म्हणून रडते.

लग्न लागल्यावर दाजींना जीपमध्ये आडवं घालून शहरात सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, पडल्यावर उचललं कुणी, कसं? मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "समद्यांनी मिळून." इजा पडण्यानं झाली की उचलण्यानं हे आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दाजींच्या पायांत पुन्हा जीव आला नाही.

त्यानंतर ते बरीच वर्षं खाटेवर होते. भाची सणावाराला यायची, त्यांचं सगळं करायची. डोकं धुवायची, भाकरी कुस्करून द्यायची. बोलायची मात्र मोजकं. एकदा मी तिथं भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. ती म्हणाली, "सासरी अजून म्हणतेत, पडणाऱ्याची पोरगी. दादा, तुम्ही टोपीची आन घेतली होती."

दाजी वर आढ्याकडं बघत म्हणाले, "व्हय पोरी. मोडली."

मी शेंगा फोडत राहिलो.

त्यांनी तसं का म्हणावं? मला वाटतं, तिला खरं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, कोण ओरडलं, कुणी उचललं. आणि आक्काला भाऊ एकच होता. त्यांनी मेव्हण्याला वाचवलं आणि त्याची किंमत म्हणून मुलीच्या नजरेत दिलेला शब्द मोडणारा बाप होऊन राहिले.

एकदा त्यांनी मला मशीन घरी आणायला सांगितलं. समोरच्या भिंतीवर चादर लावली. शिडीची रीळ लावली. लांबट्या पडला तसे म्हणाले, "आता उलटा चालवा." मशीनला तसं बटण होतं, गावांत पोरं फार आग्रह करायची. मी उलटा चालवला. जमिनीवरचा लांबट्या सरळ उठला, पाय न वाकवता, शिडीवर जाऊन उभा राहिला आणि भिंतीवरचा रंग ब्रशात परत गेला. दाजी खदखदून हसले. "आजून एकदा," म्हणाले. मी चादरीकडं बघत नव्हतो, मशीनच्या चाकाकडं बघत होतो. तसं त्यांनी किती वेळा बघितलं मला आठवत नाही. चाक तेवढं आठवतं.

मग मी तो लेख लिहिला. दाजी हयात असतानाच. का लिहिला? तोवर मी स्वतःच तो किस्सा इतक्यांदा सांगितला होता की लग्नात तसंच झालं असं मला अर्धंअधिक वाटायला लागलं होतं. अंक मी त्यांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मग जो कुणी भेटायला येईल त्याला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. शेवटचं वाक्य वाचून झालं की अंक मिटायचे आणि माझ्याकडं हात करून सांगायचे, "बघा, आमच्या मेव्हण्यानं उठवलं मला."

लोक हसायचे. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो. तोंडावर काही नसायचं. चांगला हसवणारा माणूस स्वतः हसत नाही, हे मी भाषणांत सांगत आलो आहे. तो टोमणा होता की उपकार मानणं होतं, हे ते गेले तरी मला कळलेलं नाही.

मी आता हर्सूलला मुलाकडं असतो. सकाळी तळ्याच्या बाजूला फिरायला जातो, दुपारी घर रिकामं असतं. नातीनं टीव्हीवर जुने मुके सिनेमे शोधून दिले, त्यांत शिडीचाही निघाला. आता ते मूळ वेगानं दाखवतात. मी पहिल्यांदा लावला तेव्हा टीव्ही बिघडला असं वाटलं. लांबट्या सावकाश पडतो. इतका सावकाश की शिडी सुटणं आणि जमीन लागणं यांच्यामध्ये त्याचं तोंड दिसतं. आपण पडतो आहोत हे त्याला कळतं, आणि ते कळेपर्यंत तो अजून हवेतच असतो. इतकी वर्षं माझ्या मशीनच्या घाईत ते तोंड मला दिसलं नव्हतं. त्याच्यासाठी मागून घातलेलं संगीत मी बंद करतो. पण आवाज बंद केला की मांडव ऐकू येतो.

जाणकार म्हणून माझं शेवटचं मत असं, की पडणाऱ्याकडं बघू नका. पडणाऱ्याला आपलं काम माहीत असतं. शेजारी जो उभा आहे त्याच्याकडं बघा. त्या रिळीतला जाड्या मला आता लांबट्यापेक्षा जास्त दिसतो. फळी त्याच्या खांद्यावर असते. धक्का त्याच्याकडून लागतो. आणि पुढच्या सगळ्या वेळात तो पडलेल्याकडं न बघता आपल्याकडं, प्रेक्षकांकडं बघतो, आपण हसतोय ना ते. दुपारी, पडदे ओढलेल्या खोलीत तो माझ्याकडं बघतो. मी टीव्ही बंद केला तरी काचेत कुणीतरी बसलेलं असतंच. खाली बागेत एखादं लेकरू पडतं आणि त्याची आई म्हणते, "मुंगी मेली, मुंगी मेली," तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन ते उठलं का बघून येतो.

आक्का गेल्या थंडीत गेली. त्याआधी मला म्हणाली होती, "पोरीला तू सांगतोस का मी सांगू?"

"मी सांगतो."

"मंग माझ्यादेखत सांग." मी तिच्यादेखत सांगितलं नाही. दहाव्याला भाचीला पाहिलं. तिचेही केस पांढरे झाले आहेत. तिला तोवर एवढंच माहीत होतं, की ज्या बापाकडं तिनं एकच गोष्ट मागितली त्यानं ती दिली नाही. ते खोडायला जिवंत असा मी एकटाच उरलो होतो.

मी फोन करून बोलावलं, तशी परवा ती हर्सूलला आली. दुपारची वेळ. मी चहा ठेवायला उठलो तर म्हणाली, "बसा मामा, तुम्हाला काहीतरी बोलायचंय. फोनवर तुमचा आवाज तसा होता."

मी सांगितलं. विझलेली माळ, ओलं सारवण, टोपी. टोपी डोक्यावर होती, असं दोनदा सांगितलं. मग माझं ओरडणं आणि उचलणं. ते "थांबा" म्हणाले हेही सांगितलं. शेवटी गौरीहरापाशी तिला काय म्हणालो होतो ते.

ती हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत राहिली.

"हसले का मग ते? सगळे म्हणतेत, तुझा बाप पडून वर हसत होता."

"हसले. तुझे सासरे समोर उभे होते. माझ्या कानात म्हणाले, लगीन लागू द्या."

तिनं रुमाल तोंडाला लावला नाही, डोळ्यांना लावला नाही. मांडीवर ठेवला. "म्हणजे आन मोडली नव्हती."

"नाही."

"आन् मी त्यांना तोंडावर बोलले."

"मी तिथंच होतो."

"व्हय. शेंगा फोडत होते तुम्ही," ती म्हणाली. तिलाही आठवत होतं.

मला गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी विचारायला माणूस मिळालं होतं, म्हणून मी दाजींचं ते वाक्य तिला सांगितलं, "मेव्हण्यानं उठवलं मला", आणि विचारलं, "तुला काय वाटतं? टोमणा होता का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. आक्कानं मांडवात पाहिलं होतं तसं नाही. दाजी मिशीवर हात फिरवायचे तेव्हा बघायचे, साधारण तसं. "दादांना सरळ बोलता कुठं येत होतं, मामा? तुम्हीच बघा आता."

मग म्हणाली, "हे लिहा. जसं ते लिहिलं होतं तसं हे पण लिहा. लोकांनी वाचू द्या. आन् त्यांना उठवू नका त्यात."

मी हो म्हणालो. चहा केला. ती निघेल असं वाटलं, पण तिनं टीव्हीकडं बोट केलं. "ती शिडीची हाय का ह्याच्यात? लग्न झाल्यापासून मी बघितली नाय."

मी लावली. आवाज बंदच ठेवला. लांबट्या शिडीवर चढला, जाड्या फळी घेऊन वळला. लांबट्या सावकाश खाली आला.

"हा तर उजवीकडं पडतोय," ती म्हणाली.

"तुम्ही पडद्यामागं बसायच्या."

"दादाच बरोबर होते म्हणा." ती थोडी पुढं सरकून बसली. "लावा परत. पुढून बघू द्या."

मी परत लावली. ती लांबट्याकडं बघत होती. मी जाड्याकडं बघत होतो.